भोक बदलून मिळत नाही

गाडी हादरायला लागली की संशय आधी टायरवर जातो. टायर सगळ्यांना दिसतात, हात लावायला सोपे असतात, आणि बदलून टाकले की काहीतरी केल्याचं समाधान लगेच पदरात पडतं. टायर निर्दोष सुटले की नंबर लागतो व्हील बॅलन्सिंगचा. मग अलाइनमेंट, मग स्टिअरिंगचा डॅम्पर, मग टाय रॉडची टोकं, मग बॉल जॉइंट. कुठल्याही गॅरेजात आरोपींची ही यादी साधारण याच क्रमानं वाचली जाते, आणि जरा बारकाईनं पाहिलं तर या सगळ्या आरोपींमध्ये एक साम्य सापडतं. ते सगळे दुकानात विकत मिळतात. ज्याला डबा आहे, डब्यावर नंबर आहे आणि नंबरासमोर किंमत आहे, त्याच्यावरच संशय घ्यायची रीत आहे. जे विकत मिळत नाही तेही बिघडू शकतं, हे आपल्या मनात येत नाही.

माझ्याकडे एक जुनी जीप रँगलर आहे. जेके म्हणतात ते मॉडेल, २००७ पासून २०१८ पर्यंत निघालेलं. राहायला मी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पश्चिमेला. इथं खिडकीतून रॉकी पर्वत दिसतो आणि त्याच्याकडे बघून आळीतल्या बऱ्याच जणांनी दारात एखादी जीप आणून ठेवलेली असते. त्यातल्या काही खरोखर डोंगरावर जातात. बाकीच्या दूध आणायला जातात, पण डोंगरावर जाणाऱ्या जीपच्या रुबाबात. ज्याच्याकडून मी गाडी घेतली तो सज्जन माणूस होता. चाव्यांबरोबर त्यानं एक जाडजूड फाइल हातात ठेवली. गाडीवर केलेल्या प्रत्येक खर्चाची पावती तीत तारीखवार लावलेली. एका रात्री ती फाइल मी कादंबरी वाचावी तशी वाचून काढली. टायर चारही नवे. बॅलन्सिंग, पुन्हा बॅलन्सिंग, दुसऱ्या गॅरेजात बॅलन्सिंग. डॅम्पर. अधिक जाड डॅम्पर. टाय रॉड. बॉल जॉइंट, वरचे आणि खालचे. प्रत्येक पावती म्हणजे एक निर्दोष सुटलेला आरोपी. शेवटची पावती माझ्या नावाची: गाडी विकल्याची.

या सगळ्या खर्चामागे दुखणं एकच होतं. इथले जीपवाले त्याला डेथ वॉबल म्हणतात. नाव जरा नाटकी आहे, पण ज्यानं तो अनुभवलाय तो नावाला हसत नाही. ताशी ४५-५० मैलांनी, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरनं, गाडी मजेत चाललेली असते. पुलाच्या सांध्यावर एक चाक जरासं आपटतं, आणि अचानक पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे अशी फडफडायला लागतात की स्टिअरिंग हातात ठरत नाही. आपण काही केलं नाही तर ते थांबतही नाही. घाबरून न जाता वेग उतरवत गाडी कडेला घ्यायची, एवढंच हातात असतं. गाडी थांबली की सगळं शांत. पुन्हा निघालं की जसं काही झालंच नव्हतं. मेकॅनिकनं चालवून पाहिली तर सुतासारखी सरळ. तो आपल्याकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर त्या वॉबलपेक्षा जास्त जिव्हारी लागते.

हे दुखणं जडतं ते पुढं अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांना. दोन्ही चाकं एकाच आडव्या नळीच्या टोकांना. कुठं थोडी ढिलाई असली की या चाकाची थरथर त्या चाकाकडे जाते, त्याची याच्याकडे येते, आणि दोघं एकमेकांना चढवत राहतात. त्यावर नवा डॅम्पर घातला की थरथर दबते. काही महिने बरे जातात. माणूस खूश, गॅरेजवाला खूश, आणि ढिलाई तर सगळ्यांत खूश, कारण आता तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

अशा परिस्थितीत अप्पा आले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात झालेली. निवृत्तीनंतर लेकीकडे म्हणून सहा महिन्यांसाठी आले, आणि इथं येणाऱ्या आईवडिलांचं जे होतं तेच त्यांचंही झालं. आधी कौतुक, मग झोप, मग लायब्ररी, आणि मग दुपारची ती लांबलचक शांतता, जिच्यात रस्त्यावर एक माणूस दिसत नाही. अप्पांनी घरातल्या ज्या ज्या वस्तूला स्क्रू आहे ती ती वस्तू तपासून टाकली. बिजागऱ्या झाल्या, खुर्च्या झाल्या, नातीच्या सायकलची चेन झाली. मग एके सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते दारातल्या जीपभोवती फिरताना दिसले. फाइल त्यांनी आधीच वाचली होती.

"जावईबापू, ही गॅरेजात नेऊ नका," ते म्हणाले. "इथंच उभी राहू द्या. फक्त आत बसा आणि इंजिन चालू करा."

"जॅक लावून उचलू का आधी?"

"उचलल्यावर काय दिसणार? अंगावर ओझं असलं की खरं काय ते बाहेर येतं."

हे वाक्य त्यांनी जीपबद्दल उच्चारलं होतं, असं मी मानून चाललो. चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. अप्पांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरला आणि चाकांपासून अंतर राखून, बेतानं, पाठीवर सरकत ते पुढच्या अ‍ॅक्सलखाली गेले. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"अप्पा! वय काय तुमचं!" आणि मग माझ्याकडे वळून, "आणि तू त्यांना झोपवलंस खाली?"

"त्यानं नाही, मीच झोपलोय," खालून आवाज आला. लेकीशी बोलताना मी 'तो' असतो, माझ्याशी बोलताना 'जावईबापू'. "जावईबापू, स्टिअरिंग वीतभर डावीकडे घ्या. आता वीतभर उजवीकडे. घाई नको. देवळातल्या घंटेला हात लावता तेवढ्या बेतानं."

मी आत बसून स्टिअरिंग इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिलो. अप्पा एकेका जॉइंटवर बोट ठेवून पडून होते. टॉर्च त्यांनी बंदच ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं की डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. दोन भाग एकमेकांपासून केसभर जरी वेगळे हलत असले तरी सांध्यावर टेकवलेल्या बोटाला ते कळतं. "टाय रॉड ठीक. ड्रॅग लिंक ठीक. बॉल जॉइंट कोरे आहेत. फाइल खरं बोलते." मग बराच वेळ काहीच नाही. मग, "थांबा. परत हलवा. परत. हं." आणि मग एक प्रश्न, जो दापोडीच्या माणसालाच पडावा: "हा आडवा दांडा कशाला दिलाय हो?"

अप्पांची हयात कमानपाट्यांवर गेली. एसटी म्हणजे पाटे, ट्रक म्हणजे पाटे, आणि त्यांच्या लहानपणी गावात धुरळा उडवत येणारी तहसीलदारांची जीप म्हणजेही पाटेच. कमानपाटा गाडीचं वजन पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवतो. अ‍ॅक्सल यू-बोल्टनं त्याला जखडलेला, मग तो जाणार कुठं? दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप अशीच होती, आणि महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीपही अशाच. पाटे कडक, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारे, पण जबाबदार.

रँगलरला १९९७च्या मॉडेलपासून पाटे गेले आणि पुढं-मागं गुंडाळीच्या कॉइल स्प्रिंग आल्या. गाडी मऊ झाली, दगडांवर चाकं वरखाली जास्त जायला लागली, सगळे खूश. पण कॉइल नुसतं वजन पेलते. ती आपल्याला नेमून दिलेल्या कामापलीकडे बोट हलवत नाही. मग बाकीच्या कामांसाठी माणसं नेमावी लागली. अ‍ॅक्सल पुढं-मागं सरकू नये आणि उलटू नये म्हणून लांब दांड्यांचे चार हात, आणि डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून हा आडवा दांडा. एक टोक चासीला, ड्रायव्हरच्या बाजूला. दुसरं अ‍ॅक्सलला, पार पलीकडे. पुढच्या अ‍ॅक्सलला एक, मागच्या अ‍ॅक्सलला एक. अमेरिकेत त्याला ट्रॅक बार म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी पॅनहार्ड रॉड, पानार या फ्रान्समधल्या जुन्या मोटार कंपनीच्या नावावरून. भारतात सुमारे पाव शतकापूर्वी रस्त्यावर आलेल्या मोठ्या टाटा सफारीच्या मागच्या अ‍ॅक्सललाही असाच दांडा असे, आणि हल्लीच्या मारुती जिमनीला तो पुढं-मागं दोन्हीकडे आहे.

या दांड्याच्या नशिबी कौतुक कधी आलंच नाही. १९८७ ते १९९५च्या रँगलरला तर पाटे असूनही कंपनीनं वर ट्रॅक बारही दिला होता. पाटे अ‍ॅक्सल धरतातच, मग हा आणखी कशाला, असं म्हणून कितीतरी मालकांनी तो सोडवून अडगळीत टाकला, आणि गाड्या त्याच्यावाचून चालत राहिल्या. पुढच्या पिढीत पाटे गेले आणि तोच दांडा अचानक घरचा कर्ता झाला.

मी हे सगळं पुठ्ठ्याशेजारी उकिडवा बसून सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाटा एकटा जे करायचा ते आता पाच जणांत वाटून दिलंय. खाती वाढली की सांधे वाढतात, आणि सांधे वाढले की ढिलाई वाढते. आमच्याकडेही असंच झालं." आमच्याकडे म्हणजे वर्कशॉपात की ऑफिसात, ते त्यांनी सांगितलं नाही.

ढिलाई दांड्यात नव्हती. दांडा ठणठणीत. त्याच्या टोकाचा रबरी बुश जुना, पण फाटलेला नाही. अ‍ॅक्सलवर वेल्डिंगनं बसवलेल्या ब्रॅकेटचे दोन लोखंडी कान असतात. त्यांच्या मधे बुश बसतो आणि आरपार बोल्ट जातो. स्टिअरिंग डावीकडे गेलं की बोल्टचं डोकं कानावरून एक टिचभर डावीकडे सरकायचं, उजवीकडे गेलं की परत यायचं. त्याच्याभोवती गंजाची बारीक लालसर पूड जमली होती. अप्पांनी ती बोटावर घेऊन मला दाखवली. पावसानं आलेला गंज खपली धरतो, असा पूड होऊन गळत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सतत घासत राहिले की त्या घासण्यातून ही पूड पडते, आणि ती जिथं असेल तिथं काहीतरी हलतंय हे नक्की समजावं.

२१ नंबरचा पाना लावून बोल्ट काढला, दांडा खाली घेतला, आणि भोक पहिल्यांदा उजेडात आलं. बोल्ट १४ मिलिमीटरचा. भोक उभं मोजलं तर अजून १४च्या आसपास. आडवं मोजलं तर व्हर्निअर पंधराच्याही पुढं गेला. कडा गुळगुळीत, चकचकीत. आतल्या बाजूला सूक्ष्म खाचांच्या ओळी. त्या कुठून आल्या ते बोल्टकडे पाहिल्यावर कळलं. मूळ बोल्टला डोक्याखाली आटे नसलेला कोरा दांडीचा भाग असतो, आणि कानाच्या भोकात तो कोरा भाग बसायचा असतो. आमच्या बोल्टला मात्र डोक्यापासून टोकापर्यंत आटेच आटे. मागं कधीतरी मूळ बोल्ट हरवला असावा आणि कुणीतरी हाताशी आला तो घातला असावा. आट्यांनी कानसीचं काम चोख बजावलं होतं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला, थोडं थोडं.

मी फाइल आणून पुन्हा चाळली. टायर, डॅम्पर, टाय रॉड, बॉल जॉइंट. सगळ्यांच्या पावत्या होत्या. भोकाची पावती नव्हती. असणार कशी? भोक म्हणजे जिथं लोखंड नाही अशी जागा. ती कुठल्या कॅटलॉगात छापणार आणि कोण तिचा डबा कपाटातून काढून काउंटरवर ठेवणार? विकत मिळणारं सगळं बदलून झालं होतं. झिजलं होतं ते मात्र जे कुणी कधी विकलंच नव्हतं.

पण भोक झिजलं कशानं, हा प्रश्न त्याहून खोल आहे. माझी समजूत अशी होती की एवढी जड गाडी, एवढी मोठी चाकं, एवढे खड्डे. बोल्ट बिचारा भोकाच्या कडेवर आपटत राहणार आणि कड झिजणार. अप्पांनी मान हलवली. बोल्टचं काम धक्का अडवायचं नाहीच. बोल्टचं काम दाबून धरायचं. नट पुरेसा ताणला की ब्रॅकेटचे दोन कान बुशच्या आतल्या लोखंडी नळीला दोन्ही बाजूंनी करकचून पकडतात, आणि सगळा जोर त्या पकडीतल्या घर्षणावर जातो. पकड शाबूत असेपर्यंत भोकाला काही कळतच नाही. बोल्ट आत नुसता ताणलेला उभा असतो, कडेला टेकतही नाही. ज्या दिवशी पकड केसभर सैल होते त्या दिवशी नळी सरकते, बोल्ट कडेला टेकतो, आणि मग पुढचं काम प्रत्येक धक्का करतो. "खड्ड्यानं भोक मोठं होत नाही," अप्पा म्हणाले. "ढिलाईनं होतं. खड्डा फक्त निमित्त."

मला त्यावरून आमचा वाडा आठवला. जुन्या दाराच्या बिजागरीचा स्क्रू भोकात नुसताच फिरायला लागला की बाबा काडेपेटीतली एक काडी घ्यायचे, गुलाचं टोक मोडून टाकायचे, काडी भोकात खुपसायचे आणि त्यावर स्क्रू पिळायचे. लाकूड पुन्हा घट्ट धरायचं. स्क्रू तोच, भोक तेच, मधे एक काडी. त्या दारानं नंतर कितीतरी वर्षं आदळआपट सोसली. लोखंडाच्या भोकालाही काडी घालणारे लोक असतात, हे मला इथं आल्यावर कळलं. कोल्ड्रिंकच्या डब्याची पातळ पट्टी कापून बोल्टभोवती गुंडाळतात आणि आत ठोकतात. काही दिवस बरे जातात. मग ती पट्टी चुरगळून बाहेर येते आणि भोक पहिल्यापेक्षा रुंद होऊन उरतं. लाकूड काडीला सामावून घेतं. लोखंड असला लाड करत नाही.

भोक थोडंसंच झिजलं असेल तर इथले लोक एक सोपा मार्ग काढतात. १४ मिलिमीटरच्या बोल्टपेक्षा एक पायरी जाड बोल्ट अमेरिकन मापात मिळतो, इंचाच्या नऊ-सोळांश. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर १४.२९. कानांची भोकं आणि बुशची नळी ड्रिलनं तेवढी मोठी करायची, जाड बोल्ट घालायचा, काम झालं. एवढा सगळा उपद्व्याप मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शासाठी, हे ऐकून हसू येतं खरं. पण वॉबल तरी त्याच हिश्शात राहत होता. आमचं भोक मात्र त्या मापाच्या पुढं गेलेलं. तिथं लोखंड पुन्हा आणून बसवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं: नेमक्या भोकाचे जाड वॉशर घ्यायचे आणि ते कानांवर वेल्ड करून टाकायचे. म्हणजे जुन्या भोकावर नवं भोक.

वेल्डिंगचं मशीन शेजाऱ्याकडे होतं. शेजारी निवृत्त, त्याचा सगळा जन्म शेतीच्या यंत्रांत गेलेला. त्याला मराठी येत नाही आणि अप्पांचं इंग्रजी 'यस', 'नो', 'गुड' आणि यंत्रांची नावं एवढंच. मी दुभाष्या म्हणून मधे उभा राहिलो आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की माझी कुणाला गरज नाही. शेजाऱ्यानं वॉशर उचलून विचारलं, नऊ-सोळांश? अप्पांना सोळांश काही रुचला नाही. त्यांनी बोटांनी इंचाचे आठ भाग करून दाखवले, त्यातले साडेचार मोजले आणि म्हणाले, "साडेचार सूत." आपल्याकडच्या जुन्या फिटरचं हे माप, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटर आला, शाळेत मिलिमीटर आले, पण हातोडीच्या बाजूला सूत टिकून राहिलं. साडेचार अष्टमांश म्हणजे नऊ सोळांशच. शेजाऱ्यानं क्षणभर बोटांकडे पाहिलं, मनात हिशेब केला, आणि मान डोलावली. माझा १४.२९ मी खिशात ठेवला.

पुढचं काम दोघांनी जवळजवळ न बोलता केलं. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला वेल्डिंगच्या करंटचा त्रास नको. कानांवरचा रंग आणि गंज ग्राइंडरनं काढून लोखंड लखलखीत केलं. शेजाऱ्याच्या डब्यात जस्ताचा मुलामा दिलेले वॉशर होते, ते दोघांनीही एकाच वेळी बाजूला सारले. जस्त तापलं की त्याचा धूर होतो आणि तो श्वासातून आत गेला की माणूस रात्री थंडीतापानं कुडकुडतो. साध्या लोखंडाचे निवडले. मग बोल्ट. नवा, जाड, डोक्यावर सहा रेषा असलेला. त्या रेषा म्हणजे अमेरिकन मापात तो आठव्या ग्रेडचा, कडक पोलादाचा, याची खूण. लांबी अशी बघून घेतली की कानांमधे फक्त कोरा भाग येईल आणि आटे पलीकडे राहतील.

वॉशर नेमका कुठं बसवायचा हा खरा प्रश्न. भोक लंबगोल झाल्यावर त्याचं मूळ केंद्र हरवतं. पण आमचं भोक आडवंच झिजलं होतं. उभ्या बाजूच्या कडा शाबूत होत्या. त्यावरून उंची पक्की झाली. आडव्यात मिलिमीटरभर चुकलं तर अ‍ॅक्सल तेवढाच सरकणार, आणि स्टिअरिंग सरळ करताना तेवढं सांभाळून घेता येतं. बोल्ट घालून, वॉशर दोन्ही कानांवर दाबून धरून आधी चार ठिकाणी फक्त टाके मारले. बोल्ट काढून, पुन्हा घालून, तो दोन्ही कानांतून सहज सरळ जातो हे पाहिलं. मग थोडं वेल्ड, थोडा विसावा, पुन्हा थोडं वेल्ड, म्हणजे कान तापून वाकडे होऊ नयेत. शेवटी काळा रंग. जोड पाहून शेजारी म्हणाला, "गुड." अप्पा म्हणाले, "गुड." दोघांचं यावर एकमत झालं.

दांडा चढवल्यावर मी टॉर्क रेंच उचलला तर अप्पांनी हात धरला. गाडी अजून जॅकवर होती. "खाली घ्या आधी. चारही चाकं जमिनीवर. मग आवळा." बुशचं रबर नळीला चिकटलेलं असतं, अ‍ॅक्सल लोंबत असताना नट आवळला तर दांडा त्या लोंबत्या कोनात पकडला जातो, आणि गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो. मग ते लवकर फाटतं. वजन पेलून उभी राहिल्यावर जो कोन असेल त्याच कोनात घट्ट करायचं. कंपनीनं दिलेला आकडा १२५ फूट-पाउंड, म्हणजे १६९ न्यूटन मीटर. रेंचनं 'कट्' असा आवाज केला. अप्पांनी लेकीची लाल नेलपॉलिश मागवून नटावरून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. काही शे मैल झाले की रेघ बघायची, रेंच पुन्हा लावायचा. वर्षाला एकदा तर नक्कीच.

मला त्यात एक गोष्ट पटली. जे पकडीवर चालतं त्याला अधूनमधून आवळावंच लागतं, आणि त्यात त्याचा अपमान नाही. बोल्ट एकदा घट्ट केला म्हणजे जन्माचा घट्ट झाला, ही अपेक्षाच चुकीची. आपण मात्र आवळायचा कंटाळा करतो आणि बदलायला उत्साहानं निघतो, कारण बदलल्याची पावती मिळते. आवळल्याची पावती कोण देणार? पाच मिनिटं पुठ्ठ्यावर पडून एक बोट सांध्यावर टेकवायचं, हे काम कुठल्याही बिलात बसत नाही. म्हणून ते कुणी करत नाही. आणि म्हणून बिलं मोठी होतात.

संध्याकाळी आम्ही त्याच पुलावरून गेलो. सांध्यावर चाक आपटलं. धप्प, आणि पुढं काही नाही. परतताना मी मुद्दाम दुसऱ्या लेनमधून, जास्त खराब सांध्यावरून घेतली. धप्प. स्टिअरिंग माझ्या हातात तसंच, थंड आणि आज्ञाधारक. अप्पा खिडकीबाहेर बघत होते, त्यांनी 'छान' वगैरे काही म्हटलं नाही. पण मोठा आवाज गेला की बारीक आवाज ऐकू यायला लागतात. घराजवळच्या वळणावर त्यांनी मान तिरकी केली.

"मागं काय वाजतंय?"

"काही नाही, जुनी गाडी आहे अप्पा."

"मागच्या अ‍ॅक्सललाही असाच दांडा असतो म्हणालात ना?"

"असतो."

"त्याची पावती आहे फाइलमध्ये?"

नव्हती. मी गाडी दारात लावेपर्यंत पुठ्ठा पुन्हा जमिनीवर पसरलेला होता आणि अप्पा मागच्या चाकांकडे निघाले होते. मी सवयीनं स्टिअरिंगवर बसलो.

"तिथं बसून काय उपयोग, जावईबापू? मागचं तपासायचं तर गाडी आडवी हलवावी लागते. बाहेर या आणि दोन्ही हातांनी ढकला."

मी बाहेर येऊन जीपच्या मागच्या कोपऱ्याला खांदा लावला. शेजारी कुत्र्याला फिरवून परत येत होता. हे काय चाललंय म्हणून तो थबकला. मी उत्तर द्यायच्या आत खालून अप्पांची हाक आली, सहा महिन्यांत शिकलेल्या नव्या इंग्रजीत:

"कम! पुश!"